टाके शाबूत होते

ती घटना आठवली की आजही थकवा येतो. भोपाळमधल्या एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपचं पोलीस ठाणं तेव्हा माझ्याकडे होतं. कारखान्यातला एक मराठी फिटर आतड्याच्या ऑपरेशननंतर बरा होऊन घरी गेला. काही दिवसांत पोटाची जखम आतून उसवली आणि तो वारला. मागे बायको आणि लग्नाची मुलगी.

त्याचा धाकटा भाऊ जमाव घेऊन ठाण्यात आला. "साहेब, डॉक्टरने पोटात घुलनेवाला धागा टाकला. धागा घुलून गेला, अन् भाऊ पण. अटक करा त्याला."

टाउनशिपच्या इस्पितळातले आधीचे सर्जन नायलॉन वापरत. हा पुण्याहून आलेला तरुण डॉक्टर विरघळणारा धागा वापरतो, हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक झालं होतं. बाहेर घोषणा, वरून फोन. मी आकस्मिक मृत्यूची नोंद केली, शवविच्छेदनाला पाठवलं आणि डॉक्टरला चौकशीला बसवलं. समोरच्या चहाला त्याने हात लावला नाही.

"विरघळणारे धागे सगळे सारखे नसतात," तो म्हणाला. "काही लवकर ढिले पडतात. पोटाचा पडदा शिवायला ते मी घेतच नाही. हा सावकाश विरतो, पडदा जुळून येईपर्यंत धरून ठेवतो. नायलॉनच्या गाठी हडकुळ्या माणसाला वर्षानुवर्षं टोचतात, म्हणून हा निवडला."

अहवाल आला. धागा सलग होता, गाठी पक्क्या होत्या. फाटला होता तो धाग्याभोवतीचा पडदा. म्हणजे पोटावर कसला तरी जोर पडला होता. फिटरच्या क्वार्टरच्याच लाइनीत राहणारा आमचा हवालदार हळूच म्हणाला, "साहब, जिस दिन तबीयत बिगड़ी, उस दिन उनके यहाँ मेहमान आए थे।"

मी महिला शिपाई घेऊन घरी गेलो. फिटरची बायको म्हणाली, कोणी आलं नव्हतं, हे नुसते पडून होते. खोटं बोलणाऱ्याशी मी कधी वाद घालत नसे, साधं काहीतरी विचारत असे.

"वहिनी, त्या दिवशी घरात काय केलं होतं?"

"यांना पेज. बाकीच्यांना कांदेपोहे..." आणि ती थांबली.

"मुलीला बघायला आले होते?"

तिला रडू फुटलं. "पोहे अर्धे झाले अन् गॅस संपला. भाऊजी ड्यूटीवर. मी नको नको म्हणेपर्यंत यांनी मागच्या व्हरांड्यातून भरलेला सिलिंडर उचलून आणला. पाहुण्यांना कळू देऊ नको म्हणाले. साहेब, स्थळ पक्कं झालंय. हे बाहेर गेलं तर माझ्या पोरीला पांढऱ्या पायाची म्हणतील हो."

जबाब शब्दशः लिहून घेतला. डॉक्टर निर्दोष ठरला, पण फायली वस्ती वाचत नाही. मी त्याला जबाब वाचायला दिला आणि म्हणालो, "आता तुम्ही सगळ्यांना सांगू शकता."

"मी जड उचलू नका म्हणालो होतो. सिलिंडर उचलू नका असं म्हणालो नव्हतो," तो म्हणाला. मग म्हणाला, "मुलीचं लग्न होऊ दे, साहेब."

वस्ती त्याला 'घुलनेवाला डॉक्टर' म्हणत राहिली. शेवटी त्याने बदली मागून घेतली. मला फार वाईट वाटलं.

लग्नाचं आमंत्रण मला आलं. पंगतीत तो भाऊ आग्रह करत माझ्यासमोर वाकला. "त्या डॉक्टरला तुम्ही सोडायला नको होतं, साहेब."

मागे त्याची वहिनी वाढत होती. तिने ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं. खरं शोधून काढण्याचं शिक्षण मला सरकारने दिलं होतं. सापडलेलं खरं गिळून बसायला मी तिथे शिकलो. मी मान खाली घातली आणि जेवू लागलो.