एका पायाचे दोन निकाल

नांदेडच्या भरतीत माझी ड्यूटी मेडिकलच्या तंबूत होती. मी मूळचा नायगावचा, सैन्यात हवालदार, नर्सिंग असिस्टंट. पहाटे साडेपाचला धावणं सुरू व्हायचं, त्यात पास झालेली पोरं आमच्याकडं यायची. दोन टेबलं, दोन डॉक्टर: मेजरसाहेब आणि कॅप्टन मॅडम. तळव्याची कमान नुसत्या नजरेनं बघायची. एका पोराला पाच सेकंद.

सव्वादहाला घोळ झाला. बिलोलीच्या मिलिंद वाघमारेला मेजरसाहेबांनी 'फ्लॅट फूट', म्हणजे सपाट तळवा, लिहून बाद केलं. त्याला रांग कळली नाही, तो मॅडमसमोरही जाऊन उभा राहिला. मॅडमनी लिहिलं, 'फिट'.

मेजरसाहेब भडकले. "चीटिंग! बाहर निकालो इसको."

मिलिंद रडकुंडीला आला. "साहेब, वय संपून राहिलंय माझं. पुन्हा चान्स न्हाई."

माझं तोंड आधीच फटकळ. म्हणालो, "सर, चिठ्ठ्या दोन हायत, पाय तेच हायत. परवानगी असेल तर एक करून बघू?"

"करो."

दोरीवर ब्लँकेट टाकलं. मागं मिलिंद धरून दहा जण उभे केले, घोट्याखालचे पाय तेवढे दिसतील असे. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहिलं. चौघांवर मतं फुटली. मग पोरांच्या जागा बदलून पुन्हा बघायला लावलं, तर मेजरसाहेबांचं स्वतःच्याच पहिल्या कागदाशी जुळेना!

साहेबांनी स्वतःचे दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले. मग म्हणाले, "हवालदार, पानी लाओ." लई मोठ्या मनाचा माणूस, मी आजही सांगतो. ओले तळवे पुठ्ठ्यावर उमटवले. सपाट पायाचा ठसा मधे भरून येतो, मिलिंदचा निमुळता आला. कमान बेताची, पण होती. चवड्यांवर उभा केला तर आणखी उचलली. साहेबांनी 'फ्लॅट फूट' खोडून खाली सही केली. त्या दिवसापासून आमच्या तंबूत नुसत्या नजरेवर कुणी बाद झालं नाही.

मिलिंद भरती झाला. दोन वर्षांनी सीमेवर त्याच्या गस्तीवर बर्फाचा कडा कोसळला. तो सुखरूप होता. गाडलेल्या जोडीदाराला काढायला तो परत खाली उतरला. त्याला वर ढकललं आणि दुसरा कडा मिलिंदवरच आला.

मी बिलोलीला गेलो. त्याचे वडील शिक्षक. जयभीम झाला. मग मनात होतं ते सांगून टाकलं, "गुरुजी, त्या दिवशी मी गप बसलो असतो तर पोरगा घरी असता."

"हाव, असता," ते म्हणाले. "पण मग त्यानं वर ढकललेला तो दुसरा नसता. त्याचा रोज सांजच्याला फोन येतो. 'बाबा, जेवलात का,' म्हणतो. आमचा मिलिंद बी तेच विचारायचा."