तक्त्यातला पोळा

आमच्या ऑफिसातले किस्से मी मुद्दाम कधी जमवले नाहीत. चहाला चार जण बसले की कोणीतरी म्हणतं, "ताई, तो होळीचा सांगा ना," आणि मी सांगते. एकातून दुसरा निघतो. पोळ्याचा मात्र मी सहसा सांगत नाही. आज सांगते, पण रांगेनं येऊ द्या.

सेवाग्रामच्या रस्त्यावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. गावोगावच्या लहान पोरांची वजनं घ्यायची, वयाशी ताडायची आणि कोण किती अशक्त ते रिपोर्टात दाखवायचं, एवढंच काम. तिसऱ्या श्रेणीत नाव आलं की पोराला दवाखाना आणि रोजचा खाऊ मिळायचा. दुसऱ्या श्रेणीला नुसता सल्ला. कॉम्प्युटरवर मी, वर काळे सर, जीपवर गजूभाऊ. आणि आष्टीकडच्या पंचफुलाबाई, ज्या घरोघर फिरून वजनं आणायच्या.

अडचण वयाची होती. जन्मतारीख विचारली की आया म्हणायच्या, "पोळ्याले झाला," नाहीतर "कापसाच्या पयल्या वेच्याले." मग पंचफुलाबाईंनी सांगितलं आणि मी तक्ता केला. डावीकडे सण, उजवीकडे महिना. फॉर्मवरचं साल आणि सण टाकला की लुकअप नावाचा फॉर्म्युला तक्त्यात महिना शोधायचा आणि शेजारच्या कॉलममध्ये वय आपोआप यायचं. सर इतके खूश झाले की त्यांनी दोन पाहुण्यांना बोलावून दाखवलं.

* * *

आता होळीचा. फॉर्म्युल्याच्या शेवटी एक शून्य टाकायचं असतं. ते नसलं तर नेमकं उत्तर नसताना यंत्र "माहीत नाही" म्हणत नाही, अंदाजानं काहीतरी ठोकून देतं. मी शून्य विसरले. एका गावातली झाडून सारी पोरं होळीला जन्मलेली निघाली.

सर रिपोर्ट घेऊन बाहेर आले. "होळीच्या नऊ महिने आधी काय झालं होतं या गावात?"

गजूभाऊ दारातून म्हणाले, "जूनमंदी लाइन गेली असन, सर."

* * *

लाइनवरून आठवलं. एक बाई म्हणाली, "गावात लाइट आली त्या दिवशी झाली पोरगी." पंचफुलाबाईंना तो महिनाही पाठ. सर म्हणाले, तक्त्यात टाका. मी टाकला. पुढच्या आठवड्यात आणखी तीन गावांतून लाइटीची पोरं आली. एकीचं वय निघालं उणे सात महिने.

"हे अजून यायचं आहे काय?" सरांनी विचारलं.

पंचफुलाबाई म्हणाल्या, "सर, दरेक गावची लाइट येगळी. तुम्ही एकाच गावची लावून राह्यले साऱ्यायले."

मी तक्त्यातली लाइटीची ओळच खोडली. दर गावाची वेगळी लिहायला मला वेळ नव्हता. खरं म्हणजे कंटाळा होता.

* * *

जीपच्या अंतराचाही एक तक्ता होता. गावाचं नाव टाका, किलोमीटर मिळवा. फॉर्मवर नुसतं "सिंदी" लिहिलं होतं. तक्त्यात वरती रेल्वेवाली सिंदी, खाली सिंदी मेघे. लुकअप पहिलीवर थांबला आणि ऑर्डर निघाली. गजूभाऊ वजनकाटा घेऊन तिकडं दिवसभर हिंडले. इकडं सिंदी मेघेच्या आया पोरं कडेवर घेऊन उन्हात उभ्या.

संध्याकाळी मी म्हटलं, "भाऊ, इथं ऑफिसाच्या जवळची सिंदी आहे, तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"होतं ना. पण मले कोन इचारते? कागद तर तुमचा होता."

हसले सगळे. मीही हसले. तेव्हाच ऐकायला हवं होतं.

* * *

तक्ता केला त्या साली अधिक महिना होता, पोळा सप्टेंबरात आला होता. म्हणून मी लिहिलं, पोळा म्हणजे सप्टेंबर. दोन सालांनी पोळा ऑगस्टात आला. पंचफुलाबाई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"ताई, पोळा दरसाली सरकते. तुमचा काऊन नाई सरकत?"

मी म्हटलं, "एका सणाला एकच महिना. नाहीतर सगळं नव्यानं मांडावं लागेल."

"बरं," त्या म्हणाल्या, "तुमचं मांडलेलं राहू द्या."

त्याच ऑगस्टातल्या पोळ्याची एक पोरगी होती, पायल. माझ्या तक्त्यात ती एक महिन्यानं लहान. लहान वयाला तेवढं वजन चालतं, म्हणून ती दुसऱ्या श्रेणीत. पंचफुलाबाई दोनदा येऊन सांगून गेल्या, "पोरगी सुकून राह्यली, ताई. नाव लावा." मी दोन्ही वेळा स्क्रीन त्यांच्याकडं वळवून दाखवला.

पुढच्या फॉर्मवर पायलचं वजन चारशे ग्रॅमनं उतरलं. ती तिसऱ्या श्रेणीत आली, दवाखान्यात गेली.

मी तेव्हा एक नवा कॉलम केला होता, मागच्या महिन्याच्या आणि या महिन्याच्या वजनातला फरक दाखवणारा. पायलची ओळ लाल झाली. मी मोठ्या दिमाखात सरांना दाखवायला गेले. दवाखान्यातलं वजन मागवलं, ते फॉर्मवरच्यापेक्षा चारशे ग्रॅम जास्त होतं. सरांनी पंचफुलाबाईंना समोर उभं केलं. त्या सरांशी बोलल्याच नाहीत, माझ्याकडं पाहून म्हणाल्या,

"महिना तुमच्या हाती होता, वजन माह्या. मी माह्यावालं बदललं."

त्यांचं काम त्याच दिवशी गेलं. नंतर मी एका दुपारी गुपचूप तक्त्यात सालाचा कॉलम वाढवला आणि पायलचं खरं वजन टाकून पाहिलं. तिसरी श्रेणी आली. वीस मिनिटांचं काम होतं. सरांना सांगायचं धाडस माझं कधीच झालं नाही, आणि त्याचा पस्तावा अजून जात नाही.

* * *

ऑफिस बंद पडून काही वर्षं झाली होती. आष्टीच्या बाजारात पंचफुलाबाई वांगी विकायला बसलेल्या दिसल्या. मी खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं. तुम्ही खरं वजन लिहिलं असतं तरी पायल तिसऱ्या श्रेणीतच होती, चूक माझ्या तक्त्याची होती, आणि ते मला तेव्हापासून माहीत आहे.

त्या वांगी निवडत राहिल्या.

"पायल शाळेत जाते आता," त्या म्हणाल्या. "जन्मतारीख तुमच्याच ऑफिसच्या वजनाच्या कार्डावरची लागली. सप्टेंबर."

मी अर्धा किलो वांगी मागितली. त्यांनी तराजू धरला, काटा बरोबर मधोमध येऊ दिला, वांगी माझ्या पिशवीत ओतली. मग ढिगातलं आणखी एक उचलून वर टाकलं.

"हे वजनात धरू नका, ताई."