चपलांपाशी बसून लिहिलेली नोंद

"ए, वही घेऊन वर कुठं चाललीस? तिकडं चपलांपाशी बस. तिथून बी ऐकू येतं."

हे नाना म्हणाले. माइकवरून. मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात ग्रामसभा भरली होती आणि माझा एक पाय पायरीवर होता. आतली काही माणसं हसली. मी पाय खाली घेतला.

नाना सरपंच नाहीत. सरपंच त्यांच्या पत्नी. त्या खांबाला टेकून, पदर सावरत गप्प बसल्या होत्या. सभा नाना चालवतात. गावाला याचं काही वाटत नाही.

मी नाशिकला कॉलेजात शिकते. दुसरं वर्ष. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. शहरातली एक संस्था आमच्यासारख्या मुलामुलींना ग्रामसभेच्या नोंदी घ्यायला शिकवते आणि त्या कामाचं मानधनही देते. नोंदी मग कोणालाही वाचता येतात. नियम थोडे आहेत. कोण बोललं, किती वाजता, काय बोललं, ते तसंच्या तसं लिहायचं. आपलं मत घालायचं नाही. नीट ऐकू आलं नाही तर तसं लिहायचं, अंदाजाने काही लिहायचं नाही. हे मी पाठ केलं होतं. आपल्या गावात आपण हे करणार म्हणून मी आदल्या दिवशी वहीला कव्हरसुद्धा घातलं होतं.

चपलांपाशी आई उभी होती. आमच्या वस्तीतल्या आणखी चार-पाच बायका होत्या. आम्हाला देवळात यायची बंदी नाही. कोणालाही विचारा, "आता तसलं काय नाय राहिलं," असंच सांगतील. पण आमच्या बायका पायरीपाशी आपोआप थांबतात. मीही लहानपणापासून तिथेच थांबत आले. त्या दिवशी मनाला सांगितलं, नोंद घेणाऱ्याने वाद घालायचा नसतो. खरं सांगायचं तर मी घाबरले होते.

स्पीकरचं तोंड आत होतं. बाहेर तुकडे येत होते. "पाइपलाइन... दुसरा टप्पा... मंजूर का?" हात वर. "मंजूर!" काय मंजूर? मी लिहिलं, ऐकू आलं नाही. पुढच्या ओळीतही तेच. त्याच्या पुढच्याही.

तेवढ्यात आई ओरडली, "आमच्या वस्तीच्या नळाचं काय?"

मी घड्याळ पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटं. लिहिलं.

नाना बाहेर वळून मोठ्यानं म्हणाले, "ते तुझ्या पोरीला इचार. तिला नुसतं बसायचे पैसे भेटत्यात." मग माझ्याकडे बघून, "काय गं, एका बैठकीचे किती घेतेस?"

या वेळी जास्त लोक हसले. त्या हसण्यात काय होतं ते प्रत्येक मुलीला कळतं. कान तापले. ते वाक्य मी लिहिलं नाही. ते माझ्याबद्दल होतं, सभेबद्दल नव्हतं, असं मी ठरवून टाकलं.

घरी जाताना आईने विचारलं, "मंजूर मंजूर करत होते, ते काय मंजूर केलं?"

"ऐकू नाही आलं."

"मग एवढं लिहीत काय होतीस?"

मी वही पिशवीत टाकली. नानांपेक्षा हे जास्त लागलं.

दोन दिवसांनी नाशिकला आमच्या प्रशिक्षक ताईंनी नोंद वाचली. फॉर्मवर सगळ्यात वर एक ओळ असते, 'तुम्ही कुठे बसला होता?' ती मी कोरी सोडली होती.

"ही का नाही भरली?"

"महत्त्वाची नाही वाटली, ताई."

त्यांनी माझ्या 'ऐकू आलं नाही'च्या ओळींवरून बोट फिरवलं. शेवटी बोट त्या कोऱ्या ओळीवर आणून ठेवलं. मग फॉर्म माझ्याकडे सरकवला.

परतीच्या बसमध्ये मी ती ओळ भरली. पायरीखाली, चपलांपाशी. मग नानांची दोन्ही वाक्यं लिहिली, चपलांपाशी बसायचं आणि बैठकीच्या पैशांचं. वेळेसकट. तसंच्या तसं. बस ओझरला येईपर्यंत माझ्या डोळ्यांतलं पाणी सुकलं होतं.

पुढच्या ग्रामसभेला मी सरळ आत गेले आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांच्या टेबलाशेजारी बसले.

"तुला जागा सांगितली होती ना?" नाना म्हणाले.

मी वही उघडली. "लिहून घेते. नाव नाना लिहिलंय. पद काय लिहू?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. सरपंचबाईंनी पहिल्यांदा मान वर केली.

"लय शिकलीस," नाना म्हणाले. तेही लिहिलं.

भाऊसाहेबांनी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं. पाणीयोजनेच्या दुसऱ्या टप्प्यात मळ्याकडची लाइन मंजूर. वस्तीकडून मागणी न आल्याने वस्तीचा विषय वगळला.

मागणी न आल्याने.

नोंद घेणाऱ्याने सभेत बोलायचं नसतं. मी पेन खाली ठेवलं आणि उभी राहिले. गावच्या मतदारयादीत माझं नाव आहे, म्हणजे बोलायचा हक्क मलाही आहे. मागची नोंद वाचली. "बारा वाजून दहा मिनिटं. माझी आई, पायरीखालून. 'आमच्या वस्तीच्या नळाचं काय?' मागणी आली होती."

"इतिवृत्त लिहून झालंय, आता बदलत नाही," भाऊसाहेब म्हणाले.

"मग माझी हरकत लिहा. मी थांबते."

"पैसे घेऊन लिहिते ती!" नाना ओरडले.

"हो. घेते," मी म्हणाले. "लिहिण्याचे."

भाऊसाहेबांनी हरकत लिहिली. मी शेवटचा शब्द कागदावर पडेपर्यंत उभी होते.

नळ आलेला नाही. आई अजून लांबून डोक्यावर हंडा आणते. अजून पायरीपाशीच थांबते, आणि मी हात धरला तर सोडवून घेते. नाना गावात सांगत फिरतात, पोरगी बिघडली. मला झोप नीट लागत नाही.

पण पुढच्या ग्रामसभेचा फॉर्म माझ्यासमोर आहे आणि त्यातली पहिली ओळ मी आत्ताच, घरी बसून भरली आहे. मंडपात, माइकसमोर.

अंदाजाने काही लिहायचं नाही, असा नियम आहे. हा अंदाज नाही.