आबांचा वाफा

होडीतून उतरलं की बेटावर आधी मिठागरंच दिसतात. मातीच्या बांधांनी आखलेले उथळ वाफे, त्यांत आभाळ उतरलेलं, बांधांवर मिठाच्या पांढऱ्या राशी. ती बघायला मी गेले, तेव्हा सगळं फिरून दाखवायला खारूताई आली. अंगानं लहानखुरी, चालणं तुरुतुरु, आणि अर्धं आयुष्य खाऱ्या पाण्यात गेलेलं. नाव अगदी चपखल होतं.

"सासऱ्यांनी ठेवलंय," ती हसत म्हणाली. "आता खऱ्या नावानं कुणी हाक मारली तर मीच ओ देत नाही."

ती डोंगराकडची. लग्न होईपर्यंत समुद्र पाहिला तो चित्रातच. सासू आधीच गेलेली, नवरा दिवसभर होडीवर, म्हणजे मिठागरात सासरे आणि ही. पहिल्याच हंगामात तिच्या पायांना भेगा पडल्या. वाफ्यात पाय टाकला की मस्तकात कळ जायची. सांगायचं कुणाला? मिठाच्या खोपटामागं जाऊन रडायची आणि डोळे पुसून परत कामाला लागायची.

एका संध्याकाळी उंबऱ्याशी कोमट तेलाची वाटी आणि जुन्या धोतराच्या मऊ पट्ट्या ठेवलेल्या दिसल्या. आबा, म्हणजे तिचे सासरे, पाठ करून बसले होते. भिंतीला सांगावं तसं म्हणाले, "पायांना लावून झोपावं. आमच्या हिचंही असंच व्हायचं."

त्या दिवसापासून तिचा जीव या घराला लागला. आबांनी तिला हाताला धरून काम शिकवलं. भरतीला बांधातली फळी उचलून पाणी आत कसं घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात कसं सोडायचं, वर मिठाची साय धरली की खालची माती न ढवळता मीठ कसं ओढायचं. दोघं गप्पा मारत काम करायची. सासरा-सुनेचं एवढं गूळपीठ बघून शेजारणी तोंडाला पदर लावायच्या.

मग आबा विसरायला लागले. आधी चपला, मग जेवण, मग माणसं. कधी तिला स्वतःची बहीण समजून लहानपणीची भांडणं उकरून काढायचे. तीही बहिणीसारखी भांडायची.

आणि ऐन हंगामात ते घडलं. मीठ ओढायला आलेलं. दुपारी तिचा जरा डोळा लागला. जाग आली तर आबा घरात नाहीत. ती धावत मिठागरात गेली. आबांनी सगळ्या फळ्या काढून टाकल्या होत्या आणि भरतीचं पाणी वाफ्यांत धो धो शिरत होतं. धरलेलं मीठ डोळ्यांदेखत विरघळत होतं. आबा गुडघाभर पाण्यात उभे होते. चेहरा उजळलेला.

"वाफे कोरडे पडले होते गं," ते म्हणाले. "बघ, पाणी कसं छान चढलंय."

"मी काय बोलणार?" खारूताई मला म्हणाली. "म्हटलं, हो आबा, छान चढलंय. आणि मी फळ्या लावत बसले."

नवरा मात्र संतापला. होडी लावून आला तोच म्हणाला, "आता पुरे झालं. उद्या त्यांना माझ्या ताईकडे शहरात पोचवतो."

"तिथं बंद खोलीत काय करतील ते?"

"इथं काय करतायत, ते बघितलंस ना?"

"बघितलं. त्यांना काम हवंय. ते मी देते. तुम्ही तुमची होडी सांभाळा."

दुसऱ्या दिवशी तिनं पदर खोचला आणि मिठागराच्या टोकाला, बाकीच्यांपासून तोडून, एक लहानसा वाफा खणला. त्याला समुद्राकडून स्वतःची वाट, स्वतःची फळी. बाकीच्या फळ्या खिळ्यांनी पक्क्या केल्या. नवरा घुश्शात बघत राहिला. संध्याकाळी फावडं घेऊन आला आणि बांध चोपायला लागला.

मी गेले तेव्हा आबा तिथंच होते. फळी काढत होते, लावत होते. पाणी कधी आत यायचं, कधी बाहेर जायचं. मीठ धरलंच तर मूठभर, तेही मातकट.

"कुणाची गं तू?" त्यांनी मला विचारलं.

"पाहुणी आहे, आबा. मिठागर बघायला आलेय," खारूताईनं सांगितलं.

त्यांनी चिमूटभर मीठ माझ्या तळहातावर ठेवलं. मी जिभेला लावलं. दाताखाली वाळू कचकचली.

"चांगलं आहे," मी म्हटलं.

"असणारच," आबा म्हणाले. "सून माझी हुशार आहे. सगळं तिनंच शिकवलंय मला."

खारूताई वाकून फळी नीट बसवत होती. मग उठली, ओल्या हातानं आबांच्या कपाळावरची माती पुसली आणि म्हणाली, "चला, जेवून घेऊ. पाणी काही पळून जात नाही."

आबा लगेच निघाले. बांध अरुंद होता, म्हणून ती पुढं आणि तिच्या पदराचं टोक धरून ते मागं, अशी दोघं घराकडे चालत गेली.