फोटो तेवढा खरा

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही. उलट खोटं पकडणं हेच माझं काम... तरी हे लिहायला तीन वर्षं लागली. भीती वाटत होती म्हणून नाही — लाज वाटत होती म्हणून.

मी रिसोडचा, वय चोपन्न. पुण्यात जर्मन शिकलो, घरबसल्या अनुवाद करतो. सोबत एक छंद — दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैनिकांची नोंदपुस्तकं तपासायची. प्रत्येक सैनिकाच्या खिशात असं छोटं पुस्तक असे : फोटो, पलटण, टोचलेल्या लसी, बायकोचं नाव-गाव. नकली फार निघतात. परदेशातले संग्राहक मला स्कॅन पाठवतात, मी खरं की खोटं ते लिहून देतो.

तर एका दुपारी आसेगावहून कौसल्याबाई आल्या. ऐंशी पार केलेल्या. सोबत सून, रेखा.

"रस्ताभर पिशवी छातीशी धरून होत्या, सर," रेखा हसली. "कंडक्टरनं इचारलं, आजी, आत लेकरू हाये का?"

"तू चूप बस वं," म्हणत बाईंनी पिशवीतून पुस्तक काढलं.

त्यांचे वडील इंग्रजांच्या पलटणीतून आफ्रिकेत गेले, कैद झाले. पुढे जर्मनांनी अशा हिंदी कैद्यांची तुकडी उभारली, तिच्यात भरती झाले आणि तिकडेच वारले. एका सोबत्यानं पुस्तक घरी पोचवलं. ते वाचणार कोण?

"मी पोटात होती तवा गेले," बाई म्हणाल्या. "गाव मायले म्हने, त्यानं तिकडं मडम केली, तुले इसरला. मरेपर्यंत आयकलं तिनं. एवढंच सांगजा सर, मायचं नाव हाये का याच्यात?"

मी भिंग घेतलं, अतिनील दिवा लावला. नव्या काळातला कागद त्या उजेडात चमकतो. हा चमकला नाही. फोटोवरचा अर्धा शिक्का पानावरच्या अर्ध्याशी तंतोतंत जुळला. आणि पाचव्या पानावर, निळसर शाईत, तिरप्या अक्षरांत — पत्नी : सुभद्रा, आसेगाव.

त्या तुकडीचं पुस्तक मी कधी हातात धरलं नव्हतं. विकायचं नव्हतं हो... माझ्या कपाटात हवं होतं.

"नकली आहे," मी म्हणालो. "नाव नाही यात."

बाईंनी फोटोवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "बाबाचा फोटो तं खरा हाये ना? तो तरी देता?"

"हो. फोटो तेवढा खरा."

फोटो अडकवलेल्या दोन धातूच्या रिंगा उघडून तो त्यांना दिला. त्याआधी सवयीनं सगळं स्कॅन केलं, फोटोची पाठसुद्धा. पाठ कोरी होती. पुस्तक 'अभ्यासासाठी' ठेवून घेतलं. निघताना बाईंनी हात जोडले. मीही जोडले.

चार महिन्यांनी एका संग्राहकासमोर व्हिडिओ कॉलवर मिरवायला पुस्तक उघडलं... पत्नीच्या नावाची ओळ कोरी! शाई खरवडली की कागदाचे तंतू उठतात, धुतली तर दिव्याखाली डाग दिसतो. इथे काही नाही. जणू तिथे कधी पेन टेकलंच नव्हतं. कपाटाची किल्ली माझ्याकडेच. स्कॅनमध्ये मात्र नाव होतं.

दुसऱ्या दिवशी आसेगाव गाठलं.

"बाई, पुस्तक खरं होतं. मी खोटं बोललो. तुमच्या आईचं नाव होतं यात."

रेखानं पान पाहिलं. "येथं तं काहीच नाही लिहेल, सर."

बाई हसल्या. भिंतीवरची फ्रेम उतरवून त्यांनी मागचा पुठ्ठा सरकवला. फोटोच्या कोऱ्या पाठीवर तीच निळसर शाई, तीच तिरपी अक्षरं. सुभद्रा. आसेगाव.

"रेखानं सरपंचाच्या इंग्रजी शिकेल पोरीकून वाचून आनलं," त्या म्हणाल्या. "तुमीच म्हनलं होतं ना सर, फोटो तेवढा खरा! म्हनून तं मागूनबी पाह्यला."

मी पुन्हा पुन्हा कबूल केलं. पण बाईंना वाटतं, त्यांचं मन राखायला मी स्वतःवर आळ घेतोय. रेखाला म्हणाल्या, "मोठा मानूस हाये वं. चहात साखर जास्त टाक."

तो चहा मी प्यालो. पुस्तक तिथेच ठेवून आलो.

पुरावा म्हणून आहेत ते दोन स्कॅन — पानावर नाव असलेला, आणि फोटोची पाठ कोरी असलेला. पण स्कॅन काय, कोणीही बनवू शकतो... दुसऱ्या कोणी पाठवले असते, तर मीच खाली लिहून दिलं असतं : नकली.