माझा रूम पार्टनर, सीईओ

देवराज मोहल्ल्यातल्या एका टेलरच्या दुकानात रविवारी सकाळी बड्या टेक कंपन्यांच्या सीईओंची परीक्षा होते. मुख्य परीक्षक मी. हे पद मला कोणी दिलेलं नाही. पुण्याहून आलेला आणि वीस वर्षं आयटीत घासलेला माणूस म्हणून मीच ते बळकावलं. टेलर इथलेच, या कन्नड मुलखात कित्येक पिढ्या राहिलेले मराठी, विठ्ठलाच्या देवळातून बुक्का लावून आल्याशिवाय दुकान न उघडणारे. तिसरे शेजारचे सराफ.

कोणी किती माणसं काढली, कोणाचा शेअर का पडला, कोण नुसताच स्टेजवर येरझाऱ्या घालतो, हे मी चहा संपायच्या आत निकालात काढायचो. एकाचा निकाल मात्र कायमचा ठरलेला. नापास. त्याच्या कंपनीचा नफा वाढला तर ती आधीच्याची पुण्याई. घटला तर, मी म्हणत नव्हतो?

यामागचं कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं. हॉस्टेलवर आम्ही चार वर्षं एका खोलीत होतो आणि शेवटच्या वर्षी मला त्याच्यापेक्षा दोन मार्क जास्त होते. आज तो हजारो माणसांची कंपनी चालवतो. माझ्या हाताखाली अकरा जण आहेत, त्यातले दोघे माझं ऐकतात. तो सीईओ झाल्याची बातमी वाचली तेव्हा अभिनंदन लिहिलं, खोडलं, आणि आधी त्याचाच मेसेज येईल म्हणून वाट बघत बसलो.

त्या रविवारी टेलर माझ्या शर्टाचं माप घेत होते. सराफांनी सहज त्याच्या कुठल्याशा मुलाखतीचं कौतुक केलं. गळ्याभोवती टेप असतानाच मी उसळलो. ‘‘अहो, चार वर्षं एका खोलीत काढलीत त्याच्याबरोबर. चादरीची घडी घालता येत नव्हती त्याला!’’

टेप तिथंच थांबली.

‘‘मत्ते, मग इतके दिवस बोलला नाही तुम्ही, सार?’’ टेलर म्हणाले. मग हळूच सांगितलं, की त्यांच्या नातीने इंजिनिअरिंग केलंय, त्याच्याच कंपनीत अर्ज केलाय, दोन महिने झाले, उत्तर नाही. ‘‘एक शब्द टाका की, सार.’’

नाही म्हणावं तर मी थापाड्या ठरणार. हो म्हणावं तर त्याच्यापुढे हात पसरणं आलं. मी हो म्हटलं आणि आठवडाभर काहीही केलं नाही. लोक विसरतात, असा माझा अनुभव. पुढच्या रविवारी दुकानात स्वतः नातच बसलेली.

‘‘अंकल, काम नाही झालं तरी चालते,’’ ती म्हणाली. ‘‘माझा अर्ज कोणी वाचला का नाही, तेवढंच कळलं पाहिजे.’’

तिथंच बाकावर बसून मी त्याला मेल लिहिली. ‘अरे’ लिहू की ‘सर’, यातच दहा मिनिटं गेली. शेवटी दोन्ही टाळलं.

चाळीस मिनिटांत उत्तर आलं. तिचा अर्ज त्याने शोधून काढायला लावला होता. मुलाखतीला बोलावतील, पण घेणारे दुसरे, तो मध्ये पडणार नाही. खाली लिहिलं होतं, तू माझ्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायचास, तशा आता कोणी तोंडावर काढत नाही रे.

ही ओळ मी दुकानात दोनदा वाचून दाखवली. तो कोरडं लिहिता तर निदान शिव्या घालता आल्या असत्या.

‘‘मग सार, पास का नापास?’’ सराफांनी विचारलं.

‘‘रविवारी सकाळी चाळीस मिनिटांत मेलला उत्तर देतो,’’ मी म्हटलं, ‘‘म्हणजे कंपनीत याला काही कामच दिसत नाही.’’

नातीने फोन माझ्या हातातून घेतला, मेल सावकाश वाचली आणि आजोबांना कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं. माझं कन्नड बेताचंच आहे, पण ‘होट्टेकिच्चु’ कळतं. पोटातली आग. आपण ज्याला जळफळाट म्हणतो, तेच. आजोबांनी गंभीरपणे मान डोलावली. मीही वाद घातला नाही.