वहिनीचा खांदा

बाटल्यांच्या कारखान्यात सगळे तिला वहिनी म्हणत. दीर भट्टीवर होता, म्हणून आधी भट्टीवाल्यांची वहिनी झाली, मग भरणीखात्याची, शेवटी साहेबांचीसुद्धा. बावीस वर्षं तिने एकच काम केलं. पट्ट्यावरून आलेली बाटली उचलायची, बोटाने तोंड चाचपायचं, खोक्यात ठेवायची आणि भरलेला खोका लाकडी पॅलेटवर थरावर थर रचायचा. तिच्या हातची बाटली सहसा फुटत नसे.

भरणीखात्यात यांत्रिक हात बसवायचं ठरलं, तेव्हा त्याला शिकवायला तिचीच निवड झाली. तरुण इंजिनियरबाईंनी तिच्या दोन्ही हातांवर हालचाल टिपणारे सेन्सर लावलेल्या बाह्या चढवल्या. महिनाभर त्या घालूनच काम करायचं होतं.

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घेतेयस."

"मी नाही म्हटलं तर तुला घालतील," वहिनी म्हणाली. "मग बाटल्या फुटतील तेवढ्या."

मैत्रीण हसली नाही.

यंत्र सुरू झालं. बाटल्या छान भरत होतं, पण पाचव्या थरावर खोका चढवायची वेळ आली की अडायचं. सरळ वर न्यायचं सोडून खोका मागे ओढायचं, अर्धा वळसा घ्यायचं आणि बाजूने ढकलायचं. इंजिनियरबाई तीन दिवस चूक शोधत होत्या. साहेब दर तासाला येऊन घड्याळ बघून जात.

वहिनीला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तिने तोंडातून ब्र काढला नाही. चौथ्या दिवशी त्या पोरीचे सुजलेले डोळे बघून तिला राहवलं नाही.

"बाई, यंत्रात खोट नाही. तो माझा खांदा आहे."

डावा हात दोन वर्षं कानाच्या वर जात नव्हता. घरी वेणी नणंद घालून द्यायची. कारखान्यात तिने ताकास तूर लागू दिली नव्हती, कारण पाचवा थर ज्याला जमत नाही त्याला भरणीखात्यात ठेवत नाहीत, हे ठाऊक होतं.

इंजिनियरबाईंनी नोंदवही पुढे ओढली. मग म्हणाल्या, "हे मला लिहावं लागेल, वहिनी. नाहीतर चूक माझी ठरेल."

"लिहा. खोटं कशाला लिहायचं?"

साहेबांनी तिला डॉक्टरांकडे पाठवलं. खांदा आखडला होता. फार उशीर झाला नव्हता, पण तीन महिने व्यायाम आणि ओझं पूर्ण बंद. पाचव्या थरासाठी बाह्या त्या मैत्रिणीच्या हातांवर चढल्या. या वेळी तिने कुरकुर केली नाही.

वहिनी परत आली तेव्हा तिला यंत्राशेजारी खुर्ची मिळाली. यंत्राला न दिसणारी चीर असलेली बाटली बाजूला काढायची, एवढंच काम. पहिल्या आठवड्यात ती दिराला म्हणाली, "बसून बसून कंबर धरली रे." तरी हात आता वर जात होता, वेणी तिची तीच घालत होती.

भरणीखात्यात बाराजणी होत्या, पाच उरल्या. काही दुसऱ्या खात्यांत गेल्या, काहींनी काम सोडलं. मैत्रीण गाड्या भरायच्या फाटकावर गेली. चहाच्या सुट्टीत दोघी एकमेकींना दिसतात. मैत्रीण मान हलवते, वहिनीही हलवते. मैत्रीण फाटकावर गेली तेव्हा थांबलेलं बोलणं मात्र अजून सुरू झालेलं नाही.